शिंगे झाका, अंग पाहा: व्हाइटटेल नराचे वय ओळखताना

उत्तर अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणाच्या नराचे वय सांगायचे तर पहिले काम शिंगे नजरेआड करण्याचे. नजर आधी तिथेच खिळते, म्हणून फोटो हाती असेल तर शिंगांवर सरळ अंगठा ठेवावा. ही शिंगे दर हिवाळ्यात, फार तर वसंताच्या तोंडाशी, गळून पडतात आणि ऑगस्टपर्यंत मखमली कातडीखाली नव्याने वाढतात. त्यांच्या आकारात वयाचा वाटा असतो, तसा त्या वर्षीच्या चाऱ्याचा आणि आनुवंशिकतेचाही. चांगल्या कुरणातल्या दीड वर्षाच्या नराला आठ टोके येतात, त्याच वयाच्या दुसऱ्याला नुसते दोन सुळके. साधारण 5 ते 7 वर्षांच्या दरम्यान शिंगे ऐन भरात असतात. पुढे ती आखडतात. त्यामुळे टोके मोजून वय काढणे चूकच. आपल्याकडे ताडोबात चितळाच्या बाबतीतही हा मोह होतो, पण वयात आलेल्या चितळाच्या प्रत्येक शिंगाला सहसा तीनच टोके असतात आणि वय वाढले तरी ती वाढत जात नाहीत.

वय नेहमी ‘दीड’, ‘अडीच’, ‘साडेतीन’ असे सांगतात त्याला कारण आहे. पाडसे बहुतेक भागांत मे-जूनमध्ये जन्मतात आणि निरीक्षणाचा खरा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. या दिवसांत नर माजावर येतो, टेस्टोस्टेरॉनमुळे त्याची मान फुगते आणि वयातला फरक अंगावर उमटतो. उन्हाळ्यात अंगावर पातळ तांबूस केस असतात आणि मान बारीक असते, त्यामुळे थोराड नरही कोवळा वाटतो. माज ओसरल्यावर तर घोटाळा ठरलेलाच. माजाच्या काही आठवड्यांत नर चरणे जवळपास सोडतो आणि वजनाचा पाचवा-चौथा हिस्सा गमावतो. जानेवारीतला पाच वर्षांचा नर म्हणून तीन वर्षांचा भासतो, असे समजा.

पाहायचा तो बाजूने, सपाट जमिनीवर, सहज उभा असताना. समोरून पोटाची रेषा कळत नाही. मान खाली घालून हुंगणारा नर जाडमानेचा दिसतो, थंडीत केस फुलवून उभा असलेला भरदार दिसतो. ट्रेल कॅमेरा (जनावर समोर आले की आपोआप फोटो काढणारा) झाडावर उंच बांधून खाली झुकवला तर पाय आखूड दिसतात आणि वय फुगते. कॅमेरा साधारण एक मीटर उंचीवर, हरणाच्या छातीच्या पातळीत, समांतर लावावा. एका फोटोवर निर्णय देऊ नये. त्याच नराचे वेगवेगळ्या दिवसांचे फोटो शेजारी ठेवावेत.

हरणाची हाडे आधी वाढतात, मांस नंतर भरते. सगळे आडाखे या एका गोष्टीवर उभे आहेत. दीड वर्षाचा नर म्हणजे शिंगे लावलेली मादीच: मान सडपातळ, पाय अंगाच्या मानाने लांब, पोट मागे आत ओढलेले. शिंगांचा फैलाव बहुधा कानांच्या टोकांच्या आतच राहतो. अडीच वर्षांचा थोडा भरतो, माजात मान जरा फुगते, पण पाय अजून लांबच वाटतात.

खरी अडचण साडेतीन आणि साडेचार यांच्यात येते. साडेतीनचा नर शर्यतीच्या घोड्यासारखा: छाती खोल, मान स्नायूंनी भरलेली, कंबर मात्र अजून बारीक. मान आणि खांदा कुठे मिळतात ती खाच या वयात स्पष्ट दिसते. साडेचारला ती बुजू लागते. फुगलेली मान छातीच्या तळाशी उतरून एकजीव होते आणि कंबर छातीइतकी खोल होते. अंग इतके भरते की पाय आखूड वाटू लागतात, जरी त्यांची लांबी तीच असते. शंका आली की प्रथम ही खाच शोधावी, मग पोटाची रेषा. दोन्ही खुणा एकाच बाजूला झुकल्या तरच वर्ष सांगावे.

साडेपाचच्या पुढे पोट छातीच्या रेषेखाली झोळते, पाठ किंचित खचते आणि हनुवटीखालची कातडी सैल पडते. फार म्हाताऱ्या नराचे अंग पुन्हा उतरते, त्यामुळे तो मधल्या वयाचा वाटून फसवतो. तेव्हा सैल कातडी आणि खचलेली पाठ उपयोगी पडते.

मागच्या पायांच्या सांध्याच्या आतल्या बाजूला केसांचा एक झुबका असतो, त्याखाली ग्रंथी असतात. माजात नर पाय एकमेकांवर घासत त्यावर लघवी करतो आणि झुबका काळा पडतो. दीड वर्षाच्या नरात तो तपकिरी राहतो. थोर नरात काळा डाग पायावर खालपर्यंत ओघळलेला दिसतो. ही जोडखूण आहे. एकटीवर भिस्त ठेवू नये, कारण जोमदार तरुण नराचेही झुबके काळे पडतात.

आकाराची तुलना त्याच भागातल्या हरणांशीच करावी. फ्लोरिडातल्या ‘की डिअर’ या व्हाइटटेलच्याच ठेंगण्या उपजातीचा मोठा नरही जेमतेम 35 किलोचा, तर कॅनडालगतच्या जंगलांतले नर शंभर किलोंच्या पुढे जातात. टेक्ससच्या काही काउंट्यांत शिंगांच्या आतल्या बाजूंमधले अंतर 13 इंच असल्याशिवाय नर मारता येत नाही (एक शिंग बिनफाट्याचे असेल तर ही अट नाही), कारण तिथल्या हरणाच्या सावध कानांच्या टोकांमधले अंतर तेवढेच असते. हे माप उत्तरेत लावले तर फसगत होते, तिथे कानच मोठे असतात.

इतके करूनही नेमके वर्ष सांगण्यात जाणकार चुकतात. ओक्लाहोमातल्या नोबल फाउंडेशनच्या संशोधकांनी वय माहीत असलेल्या नरांचे फोटो तज्ज्ञांना दाखवले, तेव्हा निम्म्याहून कमी उत्तरे बरोबर आली. वर्षाऐवजी कोवळा, मधला, प्रौढ असे गट केले तेव्हा अचूकता वाढली. कळपाच्या व्यवस्थापनाला बहुतेक वेळा तेवढेच पुरते, आणि म्हणून गटावर थांबणे हेच शहाणपण आहे.

मेलेल्या नराचे वय जबड्यावरून तपासता येते. बैलबाजारात आदत, दुसा, चौसा ओळखतात ते पुढच्या दातांवरून. व्हाइटटेलमध्ये खालच्या जबड्यातली पुढून तिसरी दाढ पाहतात. दुधाची असताना तिला तीन उंचवटे असतात. दीड वर्षानंतर, 18-19 महिन्यांच्या सुमारास, ती पडून दोन उंचवट्यांची पांढरी दाढ येते. हे इतके स्पष्ट आहे की दीडच्या नरात चूक होणे कठीण. त्यापुढची झीज मात्र जमिनीतल्या वाळूवर आणि चाऱ्यावर अवलंबून असते, म्हणून अंदाज ढिला पडतो. न्यूयॉर्कचे सेव्हरिंगहॉस यांनी 1949 मध्ये ही झीजपद्धत मांडली आणि ती आजही वापरात आहे, पण अडीचपुढे तिच्यावर जास्त भरवसा ठेवू नये.

अधिक खात्री हवी असेल तर पुढचे मधले दोन दात प्रयोगशाळेत पाठवतात. मुळाचा पातळ काप रंगवला की दर हिवाळ्याला एक याप्रमाणे काळ्या रेषा मोजता येतात. दात उपटताना मूळ मोडले तर काप निरुपयोगी होतो, म्हणून आधी हिरडी सुरीने मोकळी करावी, मगच तो अलगद ओढावा. तो कागदी पाकिटात ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते. पाकिटावर तारीख, जागा आणि आपण डोळ्यांनी लावलेला अंदाज, तिन्ही लिहून ठेवावे.