संशोधन डेटा व्यवस्थापन

प्रयोग, मोजमापे व निरीक्षणे यांतून मिळालेला डेटा मूळ संशोधकाखेरीज इतरांनाही पुन्हा वापरता यावा, या रीतीने तो नोंदणे, तपासणे, जतन करणे व उपलब्ध करून देणे. विद्यापीठांची ग्रंथालये आणि विषयवार डेटा-भांडारे या कामी संशोधकांना साहाय्य करतात.

या प्रथेचा आरंभ कोठून मानावा, याविषयी मतभेद आहेत. ट्यूको ब्राहे यांच्या ग्रहनिरीक्षणांवरून योहानेस केप्लर यांनी आपले नियम मांडले, हे उदाहरण नेहमी दिले जाते. परंतु ब्राहे हयात असताना ती निरीक्षणे सहजी कोणाला देत नसत. केप्लर यांना ती पुरतेपणी मिळाली ती १६०१ मध्ये ब्राहे वारल्यानंतर. हा पुनर्वापर खरा, पण त्यामागे व्यवस्था नव्हती. संस्थात्मक आरंभ म्हणून साधारणपणे आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षासाठी (१९५७–५८; पृथ्वीच्या अभ्यासाचा अनेक देशांचा संयुक्त उपक्रम) उभारलेल्या जागतिक डेटा केंद्रांकडे बोट दाखवले जाते. त्याआधी १८५३ मध्ये ब्रुसेल्स येथील परिषदेत जहाजांवरील हवामान-नोंदींचा सामाईक नमुना ठरला होता. नोंद करण्याआधीच नमुना ठरवणे हे या कामाचे मर्म धरले, तर ब्रुसेल्सचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो.

१९७१ मध्ये सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेत प्रारंभी प्रथिनांच्या अवघ्या ७ रेणू-संरचना होत्या. आता ही संख्या २ लाखांवर गेली आहे. जनुकक्रमाचा डेटा शक्यतो २४ तासांत खुला करावा, असे मानवी जनुकसंच प्रकल्पाच्या १९९६ च्या बर्म्युडा तत्त्वांनी ठरवले.

डेटाबरोबर मेटाडेटा, म्हणजे डेटाविषयीची माहिती, हवा: एकके, उपकरण व त्याचे अंशांकन, नमुन्याचा स्रोत, रिकाम्या रकान्याचा अर्थ. रिकामी चौकट म्हणजे शून्य, की मोजमाप झालेच नाही, हे लिहून ठेवले नसेल तर पुढे कोणालाच सांगता येत नाही. फाइलचे स्वरूपही दगा देते. ‘सेप्ट२’ या जनुकाची खूण रोमन लिपीत टंकली की एक्सेल ती २ सप्टेंबर ही तारीख समजून बदलून टाकी, आणि मूळ खूण नाहीशी होई. प्रसिद्ध शोधनिबंधांच्या पुरवण्यांतही अशा तारखा आढळल्या. अखेर जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीनेच माघार घेतली व ही खूण ‘सेप्टिन२’ अशी केली. तसे नियम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ मध्ये आली. म्हणूनच भांडारे साध्या मजकूर-फाइलींचा आग्रह धरतात आणि मूळ फाइल न बदलता तिच्या प्रतीवर काम करण्यास सांगतात.

२०१६ मध्ये मांडलेल्या ‘फेअर’ तत्त्वांनुसार डेटा सापडण्याजोगा, मिळण्याजोगा, इतर डेटाशी जुळण्याजोगा व पुन्हा वापरण्याजोगा असावा. याचा अर्थ तो सर्वांना खुला असावा असा अनेकदा लावला जातो. तो बरोबर नाही. रुग्णांविषयीचा डेटा अटींवर, अर्ज तपासूनच दिला जातो, आणि तरीही तो या तत्त्वांत बसू शकतो. डेटासंचाला डीओआय हा कायमचा क्रमांक मिळाल्याने त्याचा निबंधासारखाच संदर्भ देता येतो. अशा क्रमांकांसाठी डेटासाइट ही संस्था २००९ मध्ये स्थापन झाली. वापराच्या अटी परवान्यात स्पष्ट लिहिणे आवश्यक असते.