मॉरिशसला माल पाठवण्याआधी
आमच्या निर्यातदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

भारत-मॉरिशस व्यापार करार (सेकपा) 1 एप्रिल 2021 पासून लागू झाला. मॉरिशसला मसाले, लोणची-पापड, स्टीलची भांडी, होजियरी किंवा पूजा साहित्य पाठवू पाहणारे ग्राहक तेव्हापासून पहिला प्रश्न हाच विचारतात: "करारामुळे ड्युटी किती वाचेल?" बऱ्याच मालाच्या बाबतीत उत्तर असतं, काहीच नाही. तिथे त्या मालावर ड्युटी मुळातच शून्य असते. हे असं का, आणि मग तिथे नफा-तोटा कशावर ठरतो, हे कळायचं तर त्या देशाचा व्यापार थोडा समजून घ्यावा लागतो. म्हणून हे पत्रक.

साखरेचा देश, एके काळी

मॉरिशस म्हणजे हिंदी महासागरातलं सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचं बेट. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शहराएवढीच. 12 मार्च 1968 रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा निर्यातीच्या कमाईतला नव्वद टक्क्यांहून जास्त हिस्सा एकट्या साखरेचा होता. 1975 च्या लोमे करारानं युरोपनं या साखरेला कोटा आणि हमीभाव दिला. दरवर्षी पाच लाख टनांच्या आसपास साखर युरोपात जायची आणि बहुतेक वर्षी तिला जागतिक बाजारापेक्षा कितीतरी चढा भाव मिळायचा. हमीभावावर अख्खा पट्टा कसा उभा राहतो, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना आम्ही वेगळं सांगायला नको.

हा आधार पुढे गेला. युरोपीय संघानं 2006 पासून टप्प्याटप्प्यानं भाव 36 टक्क्यांनी उतरवला, आणि 2009 मध्ये साखरेचा तो जुना करारच संपला. मॉरिशसनं यातून काढलेला मार्ग आमच्या मते अभ्यास करण्यासारखा आहे. छोटे कारखाने बंद करून काम मोठ्या कारखान्यांत एकवटलं; आज तीनच उरलेत. उसाच्या चिपाडापासून वीज होते. कच्ची साखर पोत्यांनी विकण्याऐवजी डेमेरारा, मस्कोव्हाडो अशा खास तपकिरी साखरा चढ्या भावानं विकल्या जातात. उत्पादन आता अडीच लाख टनांच्या घरात, म्हणजे जुन्या काळाच्या निम्म्याहूनही कमी.

कपडे, मासे आणि माकडं

एकट्या साखरेवर देश चालणार नाही हे तिथल्या सरकारला आधीच कळलं होतं. 1970 मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा आला, त्यात कारखान्यांना करसवलती मिळाल्या. हाँगकाँगचे उद्योजक आले ते मुख्यतः कोट्यासाठी. श्रीमंत देशांनी हाँगकाँगच्या कपड्यांवर आयातीची मर्यादा घातली होती, मॉरिशसच्या कपड्यांना मात्र युरोपची दारं खुली होती. स्वेटर आणि टी-शर्ट शिवणारे कारखाने उभे राहिले, हजारो बायका पहिल्यांदा पगारावर कामाला लागल्या. 1 जानेवारी 2005 ला जगभरची कापड-कोटा पद्धत संपली, चीनचा माल मोकळा झाला आणि तिथले बरेच कारखाने बंद पडले. काहींनी मजुरी स्वस्त म्हणून शेजारच्या मादागास्करात बस्तान हलवलं. टिकले ते बहुतेक चांगल्या प्रतीचा माल काढणारे. आफ्रिकी देशांच्या मालाला ड्युटीत सवलत देणाऱ्या 2000 सालच्या अमेरिकी कायद्याचा त्यांना आधार होता, पण त्याची मुदत वाढवणं अमेरिकी संसदेच्या हातात असतं. त्यात एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेनं मॉरिशसच्या मालावर 40 टक्के शुल्क जाहीर केलं आणि ऑगस्टमध्ये ते 15 टक्क्यांवर आणलं. सूत आणि कापड विकणाऱ्या आमच्या ग्राहकांनी इकडे लक्ष ठेवावं. तिथल्या शर्टाची ऑर्डर अडली की इथल्या सुताचीही अडते.

मासळीची गोष्ट निराळी. डबाबंद ट्यूना युरोपात, विशेषतः ब्रिटनला जातो आणि ही मोठी निर्यात आहे. पण त्यासाठी लागणारा गोठवलेला मासा बराचसा आयातच होतो, त्यामुळे आयातीचा आकडा वाढला म्हणजे वाईटच असं समजू नये. आणखी एक निर्यात ऐकून लोक चकित होतात. मॉरिशस औषध-संशोधनासाठी जिवंत माकडं पाठवतो, मुख्यतः अमेरिकेला. 2020 मध्ये चीननं माकडांची निर्यात थांबवल्यावर ही मागणी फार वाढली. हा धंदा आम्हाला रुचत नाही, पण त्यांच्या निर्यात-यादीत तो वरच्या फळीत आहे.

काय काय बाहेरून येतं?

जवळपास सगळंच. इंधन, गाड्या, यंत्रं, सिमेंट, औषधं, गहू, तांदूळ, दूध-पावडर, मोबाइल. त्यामुळे मालाची आयात निर्यातीच्या अडीच ते तीन पट असते. एवढी तूट पर्यटन आणि वित्तसेवांच्या कमाईतून भागते. म्हणूनच 2020 मध्ये कोविडनं विमानं थांबली तेव्हा मॉरिशसला परकीय चलन कमी पडू लागलं.

तेल, रेशनचा तांदूळ, मैदा अशा जिनसा तिथलं सरकारी महामंडळ, स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन, आयात करतं. 2007 पासून दहा वर्षांहून अधिक काळ मॉरिशसचं पेट्रोल-डिझेल मंगळूरच्या रिफायनरीतून जात होतं. त्या काळच्या आकडेवारीत भारत आयातीत वरच्या क्रमांकावर दिसतो तो बहुतांश या तेलामुळे. त्यावरून तिथे भारतीय किराण्याला अफाट मागणी असेल असा निष्कर्ष काढू नका. रोजच्या वापराच्या वस्तूंत चीनचा जोर फार मोठा आहे.

आकडे वाचताना

तिथलं सांख्यिकी खातं दर तिमाहीला परदेश व्यापाराचे आकडे प्रसिद्ध करतं. ते पाहताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. आयात सीआयएफ भावानं मोजतात, म्हणजे त्यात जहाजभाडं आणि विमा असतो, तर निर्यात एफओबी भावानं, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचाच भाव. भाडं भडकलं की माल तेवढाच असूनही तूट फुगते. 2021 मध्ये कंटेनरचे दर चढले तेव्हा हेच झालं. दुसरं, आकडे मॉरिशस रुपयांत असतात. 2019 मध्ये डॉलरला सुमारे 36 रुपये पडत, 2024 पर्यंत ते 46 च्या आसपास गेले. रुपयांतली 'वाढ' डॉलरमध्ये मोजून पाहिल्याशिवाय खरी मानू नये. तिसरं म्हणजे त्यांचं वर्ष जानेवारीपासून आणि आपलं एप्रिलपासून, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका.

आता तुमच्या मालाबद्दल

सगळ्यात आधी एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, पक्का करा. मॉरिशसच्या शुल्क-यादीतल्या दहापैकी नऊहून अधिक ओळींवर कोणत्याही देशाच्या मालाला शून्य ड्युटी आहे. तुमचा माल त्यात असेल तर कराराच्या सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनसाठी (माल भारतातलाच असल्याच्या दाखल्यासाठी) धावपळ करण्यात अर्थ नाही. उरलेल्या बहुतेक ओळींवर 30 टक्क्यांपर्यंत शुल्क लागू शकतं, तिथे मात्र हे सर्टिफिकेट सोन्यासारखं. करारात भारताच्या 310 वस्तू आहेत. तुमची त्यात आहे का आणि सवलत पूर्ण आहे की टप्प्याटप्प्याची, हे आम्ही तपासून देतो. ड्युटी काहीही असली तरी 15 टक्के व्हॅट आयातदाराला बहुतेक मालावर भरावाच लागतो. भाव बोलताना तो मनात धरा.

बाजार छोटा आहे, हे विसरू नका. पहिल्याच ऑर्डरला पूर्ण कंटेनर भरायचा मोह आवरा. एलसीएलनं, म्हणजे इतरांच्या मालासोबत, थोडा माल पाठवून पाहा. खाद्यपदार्थांना तिथली दोन मोठी गिऱ्हाइकं असतात: सुपरमार्केट आणि हॉटेलं. हॉटेलवाल्यांची मागणी पर्यटकांच्या हंगामाप्रमाणे हलते.

पूजा साहित्यवाल्यांसाठी थोडं जास्त. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात कोकण आणि घाटावरून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. मागणी खरी आहे, पण ठरावीक महिन्यांची, आणि जहाज वाटेत कोलंबोसारख्या बंदरात माल बदलणार असेल तर दिवस वाढतात. माल आषाढातच निघालेला बरा. सुपारी, हळकुंड, वाळलेली पानं-फुलं असं काही असेल तर खरेदीदाराकडून तिथला आयात परवाना लागतो का ते आधी लेखी घ्या. इथून फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे मालात रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला, लागू शकतं. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ पाठवू नका. एकदा वापरून टाकायच्या अशा वस्तूंवर तिथे जानेवारी 2021 पासून बंदी आहे.

आपल्याकडच्या बंदीचाही विचार करावा लागतो. जुलै 2023 मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली, तेव्हा मॉरिशसला 14,000 टनांची खास परवानगी मिळाली, पण तो माल सरकारी वाटेनं, एका सहकारी निर्यात संस्थेमार्फत जायचा होता. कांद्याचंही तसंच झालं. एप्रिल 2024 मध्ये सहा देशांना 99,150 टन कांदा देण्याचं जाहीर झालं, त्यात मॉरिशस होता. नाशिकच्या खासगी व्यापाऱ्याला मात्र त्याआधारे स्वतः कंटेनर भरता येत नव्हता. शेतमालाचा वर्षभराचा सौदा करताना सरकारी बंदी आल्यास काय, हे कलम करारात घाला.

पैसे डॉलरमध्ये ठरवा आणि नव्या खरेदीदाराकडून निम्मी रक्कम आगाऊ घ्या, किंवा बँकेचं एलसी, म्हणजे पैसे देण्याचं बँकेचं हमीपत्र, मागा. तिथल्या बँकांकडे कधी कधी डॉलरची चणचण असते. खरेदीदार प्रामाणिक असूनही पैसे उशिरा येतात ते यामुळे.

दरपत्रक हवं असेल तर मालाचं नाव, माहीत असल्यास एचएस कोड, खोक्यांची मापं, एकूण वजन आणि माल कुठून उचलायचा एवढं कळवा. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी कोड, काढलेला नसेल तर तो आधी काढावा लागेल. तो अर्ज ऑनलाइन होतो, त्यासाठी कुणा दलालाला जादा पैसे देऊ नका.