दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला बाँड लागत नाही

दहावी-बारावीचे निकाल लागले की तहसील कचेरीबाहेर तेच वाक्य कानावर येतं: "आधी बाँड घेऊन या, मग दाखल्याचं बघू." हातातली कागदांची पिशवी सावरत आई मुकाट्याने मुद्रांक विक्रेत्याच्या रांगेत उभी राहते. याची काहीच गरज नसते.

राज्य सरकारने 1 जुलै 2004 च्या अधिसूचनेने जात, उत्पन्न, रहिवास, राष्ट्रीयत्व अशा दाखल्यांसाठी, तसंच सरकारी कार्यालयांत आणि न्यायालयांत दाखल होणाऱ्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क माफ केलं. साध्या कागदावर मजकूर लिहा, चालतो. ऑक्टोबर 2024 मध्ये 100 रुपयांचा मुद्रांक 500 वर गेला, तेव्हा विद्यार्थ्यांनाही आता 500 मोजावे लागणार अशी अफवा पसरली. ती वाढ दाखल्यांसाठी नव्हतीच; माफी कायम आहे, असं महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनीही 2025 मध्ये स्पष्ट केलं. (खाजगी व्यवहारांना मात्र मुद्रांक लागतोच.)

त्यातही 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयानुसार, कायद्याने बंधनकारक नसेल तिथे प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र पुरतं. तरीही खिडकीवर बाँड मागितला, तर ती मागणी लेखी द्या म्हणावं. 500 रुपये म्हणजे मजुरी करणाऱ्या घरातला एका दिवसाचा रोज आहे.