रकाना सातवा : धर्म

फेब्रुवारी २०११. पुण्यात सकाळची थंडी अजून गेली नव्हती. शाळा सुटली की मी प्रपत्रांची पिशवी खांद्याला लावून पर्वती पायथ्याच्या गल्ल्यांत शिरायचो. जनगणनेच्या दुसऱ्या टप्प्याचं काम ९ ते २८ तारखेपर्यंत होतं आणि माझ्यासारखे बहुतेक प्रगणक शिक्षकच होते. एका दारावर ‘गायकवाड’ अशी पाटी होती. आजोबांनी खुर्ची पुढे केली, पाणी आणून दिलं. मी नावं, नाती, वयं लिहीत गेलो आणि सातव्या रकान्यात काही न विचारताच १ लिहिला. १ म्हणजे हिंदू. शेजारी उभी असलेली दहावीतली नात कागद उलट बाजूने वाचत होती. ती म्हणाली, ‘‘सर, आम्ही बौद्ध आहोत. तिथे पाच येतं ना?’’

मी आकडा दुरुस्त केला. पण मनाला लागलं ते लागलंच. दुसऱ्या दिवशी आधी झालेल्या घरांकडे परत गेलो, तेव्हा आणखी दोन ठिकाणी हीच चूक सापडली. दोन्ही ठिकाणी मी आडनाव वाचलं होतं, माणसाला विचारलं नव्हतं.

आडनावावरून माणूस ओळखायची सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की ती सवय आहे हेच जाणवत नाही. खरं तर गायकवाड मराठा असतात, बौद्ध असतात, ख्रिस्तीही असतात. पाटील म्हणाल तर हिंदू, लिंगायत, जैन, मुसलमान, सगळीकडे सापडतील. शहा आडनावाच्या घरात महावीरांची तसबीर असेल की श्रीनाथजींची, हे आत गेल्याशिवाय कळत नाही. प्रशिक्षणात आम्हाला हे सांगितलं होतं. नावावरून धर्म ठरवू नका, कुटुंबप्रमुखाचा धर्म तोच सगळ्यांचा असं धरू नका, सांगतील ते लिहा, त्याची शहानिशा करणं तुमचं काम नाही. सूचना नेमकी होती. पण दिवसभरात विसाव्या दारी पोचलेल्या माणसाचा हात सूचनेपेक्षा सवयीचं ऐकतो.

त्यानंतर मी या एका रकान्याबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की २०११ च्या प्रपत्रात तिथे वाक्य नव्हतंच. ‘धर्म’ एवढा शब्द आणि सहा सांकेतिक अंक : हिंदू १, मुस्लिम २, ख्रिस्ती ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६. बाकी कोणी असेल तर धर्माचं नाव पूर्ण लिहायचं, अंक द्यायचा नाही. म्हणजे प्रश्न प्रगणकाने दारात उभ्याउभ्या स्वतः तयार करायचा. कोणी विचारायचं, ‘‘धर्म कोणता लिहू?’’ कोणी म्हणायचं, ‘‘हिंदूच ना?’’ दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला काहीच लागत नाही. ‘नाही’ म्हणायला अनोळखी सरकारी माणसासमोर स्वतःची ओळख उघड करावी लागते. देशभरातल्या सुमारे २७ लाख कर्मचाऱ्यांनी हा प्रश्न किती तऱ्हांनी विचारला असेल, याची नोंद कुठेच नाही.

प्रश्नाच्या शब्दांनी उत्तर किती हलतं? याची सगळ्यात स्वच्छ उदाहरणं परदेशातली आहेत, कारण तिथे फॉर्म लोक स्वतः भरतात आणि प्रश्न छापील असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ ला ‘तुमचा धर्म कोणता?’ असं विचारलं. ‘धर्म नाही’ म्हणणारे २५.२ टक्के निघाले. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या एका मोठ्या सामाजिक पाहणीत ‘तुम्ही स्वतःला एखाद्या विशिष्ट धर्माचे मानता का?’ असा प्रश्न होता, आणि जवळपास निम्म्या लोकांनी ‘नाही’ म्हटलं. पहिला प्रश्न धर्म आहे हे गृहीत धरून फक्त नाव विचारतो. दुसरा आधी आहे का ते विचारतो. फरकाला दुसरीही कारणं आहेत. पाहणी प्रौढांची होती, जनगणनेत मुलांचे रकाने आईवडील भरतात. तरी एवढी मोठी दरी एकट्या वयाने भरून निघत नाही.

पर्यायांचा क्रमही काम करतो. ऑस्ट्रेलियात ‘धर्म नाही’ हा पर्याय २०१६ मध्ये यादीच्या तळातून माथ्यावर आणला. २०११ ला तो निवडणारे २२.३ टक्के होते, २०१६ ला ३०.१ टक्के झाले. आयर्लंडने २०२२ मध्ये प्रश्नाला ‘असल्यास’ हा एक शब्द जोडला आणि ‘धर्म नाही’ सर्वांत वर ठेवला. कॅथलिक म्हणवणारे ७९ वरून ६९ टक्क्यांवर आले. दोन्ही देशांत धर्मापासून दुरावणं आधीपासून चालू होतं, त्यामुळे या उतारात समाज किती बदलला आणि कागद किती बदलला हे वेगळं काढता येत नाही. मला वाटतं, जनगणनेच्या आकड्यांवर भांडणाऱ्या प्रत्येकाने नेमकी हीच अडचण आधी समजून घ्यायला हवी.

आपल्याकडची अडचण आणखी खोल आहे, कारण ‘धर्म’ हा शब्दच मराठीत दुसऱ्या वाटेने आला आहे. आपण शेजारधर्म पाळतो, दारी आलेल्याला धर्म करतो, भागवत धर्म म्हणतो, महाराष्ट्र धर्म म्हणतो. यातला एकही अर्थ सातव्या रकान्यात बसत नाही. मला नेमून दिलेल्या गटातल्या एका आजींना धर्म विचारला तर गळ्यातली तुळशीची माळ पुढे करून त्या म्हणाल्या, ‘‘आम्ही माळकरी.’’ त्यांच्या लेखी तेच पूर्ण आणि खरं उत्तर होतं. एकाने जात सांगितली. पलीकडच्या सोसायटीतल्या एका तरुणाने ‘माणुसकी लिहा’ म्हटलं, आणि तो थट्टा करत नव्हता.

अशा उत्तरांचं पुढे काय होतं? पंथाचं किंवा संप्रदायाचं नाव आलं की कार्यालयात ते ठरलेल्या मोठ्या धर्माखाली मिळवलं जातं. कोणती नावं कुठे मिळवली याची लांबलचक यादी जनगणनेच्या तक्त्यांना जोडलेली असते. लिंगायत अजूनही हिंदूंमध्ये धरले जातात, आणि त्यावरून किती वाद झाला हे सोलापूर-कोल्हापूरच्या वाचकांना सांगायला नको. दारात मिळालेलं उत्तर आणि छापलेला आकडा यांच्यामध्ये अशी एक चाळणी असते.

ही चाळणी जुनी आहे. १९११ मध्ये पुणे ज्या मुंबई इलाख्यात होतं, त्याच इलाख्याच्या गुजरात भागात मतिया कुणबी, शेखडा असे समाज होते. त्यांचे काही रिवाज हिंदू, काही मुसलमान. इलाख्याच्या जनगणना अधीक्षकाने त्यांना ‘हिंदू-मुहम्मदन’ असा वेगळा गट दिला. वरच्या आयुक्तांना ते रुचलं नाही, त्यांच्या मते माणूस या किंवा त्या बाजूला टाकायला हवा होता. माणसं दोन्हीकडे सुखाने नांदत होती. अडचण रकान्याला होती.

आता बौद्धांच्या आकड्यांकडे येतो. महाराष्ट्राला या रकान्याचं मोल कळलं ते त्यांच्यामुळे.

१९५१ च्या जनगणनेत साऱ्या देशात बौद्ध होते १ लाख ८१ हजारांच्या आसपास. त्यातले आजच्या महाराष्ट्राच्या भागात जेमतेम अडीच हजार. १९६१ मध्ये देशाचा आकडा साडेबत्तीस लाखांवर गेला आणि एकट्या महाराष्ट्रात तो २७ लाख ९० हजारांच्या घरात होता. लोकसंख्याशास्त्रात अशी उडी जन्म-मृत्यूने येत नाही. मधे १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा होती. पुण्याजवळ देहूरोडला तर बाबासाहेबांनी त्याआधीच, २५ डिसेंबर १९५४ ला, बुद्धमूर्तीची स्थापना केली होती. ज्यांना शतकानुशतकं दुसऱ्यांनी नाव दिलं, त्यांनी १९६१ ला प्रगणकाला स्वतःचं नाव सांगितलं. त्या मुलीने मला पाच हा आकडा पाठ म्हणून दाखवला, त्यामागे घरातली ही आठवण असणार.

पण हा रकाना एकटा नसतो. त्याच्या शेजारी, आठव्या क्रमांकावर, अनुसूचित जाती-जमातीचा प्रश्न आहे आणि सातव्याचं उत्तर त्याची कडी लावतं किंवा काढतं. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत, पंजाबकडच्या काही शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदू धरले जात. १९५६ मध्ये शीख सरसकट आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. मधली ३४ वर्षं बौद्ध लिहिलं की केंद्राच्या यादीतून माणूस बाहेर, अशी स्थिती होती. महाराष्ट्राने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, तरी मुलाच्या केंद्रातल्या नोकरीचा विचार करणारा बाप दारात आलेल्या प्रगणकाला काय सांगेल? १९८१ मध्ये देशात बौद्ध सुमारे ४७ लाख होते, १९९१ मध्ये सुमारे ६४ लाख झाले. वाढ ३५ टक्के. त्या दशकात देशाची लोकसंख्या २४ टक्क्यांनी वाढली होती. कायदा बदलला म्हणूनच ही वाढ झाली, असं एवढ्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. नवी धर्मांतरंही होतच होती. पण उत्तराची किंमत बदलली की उत्तर बदलू शकतं, ही शक्यता हिशेबात धरल्याशिवाय तो आकडा वाचता येत नाही. ख्रिस्ती दलितांसाठी ती कडी आजही लागलेलीच आहे.

सहा अंकांच्या बाहेर राहिलेल्यांचंही पाहा. २०११ मध्ये ‘इतर धर्म’ या गटात सुमारे ७९ लाख लोक होते, आणि त्यातले जवळपास ५० लाख ‘सरना’ लिहिणारे आदिवासी. म्हणजे जैनांच्या ४४.५ लाखांपेक्षा जास्त, तरी त्यांना स्वतंत्र अंक नाही. तो मिळावा असा ठराव झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये केला. यादीत छापलेलं नाव आणि स्वतः उच्चारून लिहून घ्यायला लागणारं नाव यांत मोठा फरक असतो. कॅनडात वांशिक मूळ विचारणाऱ्या प्रश्नाखाली नमुन्यादाखल काही नावं छापलेली असतात. २०१६ मध्ये त्यातून ‘ज्यू’ हा शब्द गळला आणि तसं लिहिणारे तीन लाखांवरून १ लाख ४४ हजारांच्या आसपास आले. माणसं तीच होती. आपल्या रास्ता पेठेत आणि कॅम्पात सिनेगॉग आहेत, घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू आहेत. त्यांना प्रत्येक जनगणनेत आपल्या धर्माचं नाव प्रगणकाला अक्षर अक्षर सांगावं लागतं.

धर्म न मानणाऱ्यांचा आकडा मला सगळ्यात कच्चा वाटतो. २०११ मध्ये नास्तिक म्हणून नोंदले गेलेले देशभरात ३३ हजारांच्या आसपास, त्यातले साडेनऊ हजारांहून जास्त महाराष्ट्रात. २०१२ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत मात्र ३ टक्के भारतीयांनी स्वतःला ठाम नास्तिक म्हटलं होतं. १२१ कोटींचे ३ टक्के म्हणजे साडेतीन कोटींहून जास्त. पाहणीचा नमुना लहान असतो, शहरांकडे झुकलेला असू शकतो. तरी हजार आणि कोटी यांतलं अंतर एवढ्याने मिटत नाही. मोठं कारण दारातच दिसतं. घराच्या वतीने एकच माणूस बोलतो, बहुधा वडीलधारा. आत अभ्यास करत बसलेल्या वीस वर्षांच्या मुलाला कोणी हाक मारत नाही. माझ्या गटात मीही मारली नाही.

समोर माणूस असला की उत्तर बदलतं, हे बऱ्याच ठिकाणी मोजलं गेलं आहे. अमेरिकेत ओहायोच्या एका काउंटीत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३६ टक्के प्रोटेस्टंटांनी आठवड्याला चर्चला जातो असं सांगितलं. प्रत्यक्ष चर्चमध्ये मोजणी केली तर २० टक्केच भरले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साऱ्या अमेरिकेच्या एका पाहणीत फोनवर विचारल्यावर ३० टक्के लोकांनी क्वचित जातो किंवा जातच नाही असं सांगितलं, तर संगणकावर एकट्याने उत्तर देताना ४३ टक्क्यांनी. हे लोक खोटारडे होते असं मी म्हणणार नाही. माणूस उत्तर देताना आपण कोण आहोत याबरोबर आपण कसे असायला हवं होतं हेही सांगत असतो, आणि ऐकणारा समोर असला की दुसरा भाग वाढतो.

म्हणूनच पुढच्या जनगणनेकडे मी उत्सुकतेने पाहतो आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे आणि कुटुंबांना आपली माहिती स्वतः ऑनलाइन भरण्याची सोय आहे. जातही नोंदली जाणार आहे, त्यामुळे सातव्या-आठव्या रकान्यांचं नातं आणखी गुंतेल. धर्माचे आकडे २०११ पेक्षा वेगळे आले, तर समाज बदलला की विचारणारा दारातून नाहीसा झाला, हे ठरवायला अभ्यासकांना बरंच झटावं लागेल. ज्यांना उत्तर द्यायची धास्ती वाटते त्यांच्यासाठी एवढं सांगतो : १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे तुमची वैयक्तिक नोंद कोणाला पाहता येत नाही आणि ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही.

आमच्या घरी या विषयावर बोलणं झालं आहे. आईने हिंदू लिहायला सांगितलं, आणि जमल्यास पुढे वारकरी. मुलगा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला ‘धर्म नाही’ लिहायचं आहे. आईला ते फार लागलं, दोन दिवस ती त्याच्याशी नीट बोलली नाही. फॉर्म माझ्या फोनवरून भरला जाणार आहे. दोघांनाही शेजारी बसवून, ते सांगतील तसंच मी लिहिणार आहे.