अंबरातल्या गोचिडाकडे डायनासोरचा डीएनए नाही

'अंबरात (म्हणजे झाडाच्या जीवाश्म झालेल्या राळेत) अडकलेल्या गोचिडाच्या पोटातलं रक्त काढून डायनासोर पुन्हा जन्माला घालता येईल,' असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातला गोचीड खरा आहे. म्यानमारच्या सुमारे 9.9 कोटी वर्षं जुन्या अंबरात तो सापडला, 2017 मध्ये त्याला डायनोक्रोटॉन ड्रॅक्युली हे नाव मिळालं. आजच्या गोचिडांच्या कुठल्याच कुळात तो बसत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळं कूळ मांडलं गेलं. एक मादी तर रक्त पिऊन जवळपास आठपट फुगलेली! पण ती राळेत पूर्ण बुडालेली नव्हती, बाहेरची खनिजं आत शिरली आणि रक्त कुणाचं हे ठरवता आलं नाही.

मुख्य अडचण डीएनएचीच. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्यांच्या हाडांत, 13 अंश सेल्सिअसच्या आसपास, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा डीएनए नष्ट व्हायला लागणारा काळ, 521 वर्षं निघालं. कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पाहा: वीस वेळा अर्धं केलं, म्हणजे साधारण 10,400 वर्षांत, दहा लाखांत एक तुकडा उरतो. गोठलेल्या थंडीत ऱ्हास बराच मंदावतो, तरी वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए सुमारे 20 लाख वर्षांचा आहे, तोही ग्रीनलंडच्या गोठलेल्या गाळातला.

पिसाला बिलगलेला त्याच काळातला दुसरा एक गोचीड मात्र अंबरात मिळाला आहे. पिसारी डायनासोरांना गोचिडं लागायची, हे त्यातून कळतं. मला हीच गोष्ट जास्त मोलाची वाटते.