मॅट्रिक्समधले तेवीस

दोन बाय दोनचं मॅट्रिक्स होतं. वरच्या ओळीत १ न २, खालच्या ओळीत ३ न ४, यापेक्षा सोपं मॅट्रिक्स मी जन्मात लिहिलं नसेल. दुसऱ्या दिवशी बारावीतला एक पोट्टा मोबाईल घेऊन आला, "सर, मधात हे तेवीस काहून आले?" पाहतो तर स्क्रीनवर एकच ओळ: १, २३, ४. दोन ओळी एकमेकीत घुसल्या होत्या न दोनाला तीन चिकटले होते.

आता हे दिसलं कुठं ते सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातलं खेड्यातलं आमचं ज्युनिअर कॉलेज, कापूस वेचणीच्या दिवसात अर्धा वर्ग वावरात असते, मग बुडालेले तास भरून काढायले मी कॉलेजातल्याच एका जुन्या कॉम्प्युटरवर डोकूविकी टाकली, म्हणजे वाचणाऱ्यालाच पान दुरुस्त करता येते अशी वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर. पोट्टे आवारातल्या वायफायवर येऊन नोट्स उघडतात, चूक दिसली तर तिथल्या तिथं दुरुस्तही करतात. डोकूविकी २००४ची, तिला डेटाबेस लागत नाही, एक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल, त्यामुळे लाईन जाऊन जाऊन मशीन बसलं तरी फाइली उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवल्या की काम चालू. मराठीचं, इतिहासाचं सगळं झकास चाललं होतं. गणित आलं न घोळ झाला.

काहून की गणित एका ओळीत मावत नाही. वाक्य डावीकडून उजवीकडे जाते न संपते, पण वर्गसमीकरणाचं सूत्र पाहा, मधात आडवी रेघ, खाली एक मजला, वर एक मजला, वरच्यावर वर्गमुळाचं छप्पर न त्या छपराखाली बीच्या डोक्यावर बारका दोन बसलेला. हे कीबोर्डवरून टाइप करायचं कसं? त्यासाठी लॅटेक, म्हणजे गणित साध्या अक्षरांत लिहून सांगायची पद्धत. तिथं आपण चित्र काढत नाही, नुसतं सांगतो. अपूर्णांक पाहिजे तर बॅकस्लॅश (\) देऊन फ्रॅक लिहायचं, पुढं दोन महिरपी कंस, पहिल्यात अंश, दुसऱ्यात छेद. घात पाहिजे तर ^ , पायाशी काही लटकवायचं तर _ . बस.

याच्या मुळाशी डोनाल्ड कनूथ नावाचा माणूस आहे. १९७७ साली त्याच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली, शिशाच्या खिळ्यांची छपाई जाऊन फोटोटाइपसेटिंग आलं होतं न आपल्याच पुस्तकातली अक्षरं त्याला पाहवेनात, तर हा बाप्पा पुस्तक बाजूला ठेवून छपाईचा प्रोग्रामच लिहायले बसला. तो प्रोग्राम म्हणजे टेक, न १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्टने त्याच्यावर चढवलेला मजला म्हणजे लॅटेक. टेकची गंमत अशी की त्याला अक्षर दिसतच नाही, डबा दिसते. रुंदी किती, रेघेच्या वर किती, रेघेच्या खाली किती, एवढंच. अपूर्णांक म्हणजे दोन डबे न मधात रेघ, पण ते तयार झालं की तोच एक डबा, कोण्या दुसऱ्या डब्याच्या पोटात जायले मोकळा. दहा पॉइंटच्या अक्षरावर घात सात पॉइंटचा, घातावरचा घात पाचचा, त्याच्याही वर चढलात तरी पाचच, आणखी बारीक केलं तर वाचणार कोण. टेकच्या आवृत्तीचे नंबरही पायच्या (π) किमतीच्या दिशेने सरकतात, २०२१पासून ३.१४१५९२६५३ चालू आहे. असं डोकं पाहिजे राजा.

आता प्लगइन, म्हणजे लॅटेकसाठी डोकूविकीला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम. मला वाटायचं की गणित प्लगइनच काढून देते. तसं नाही. गणित काढते मॅथजॅक्स, ते आपल्या ब्राउझरमधे चालणारं जावास्क्रिप्ट, पान उघडलं की डॉलरच्या खुणा शोधते न मधलं लॅटेक वाचून तेच डबे रचते. २००३मधे विकिपीडियावर गणित आलं तेव्हा सर्व्हर सूत्राचा फोटो बनवून द्यायचा, झूम केला की फाटायचा, त्यापेक्षा हे लय बरं. मग प्लगइनचं काम काय? जागल. रानडुकरं पिकात शिरू नये म्हणून आपण रात्री मचाणावर बसतो तशी.

इथं रानडुक्कर म्हणजे खुद्द विकी. तिच्या स्वतःच्या खुणा आहेत न त्यातल्या काही लॅटेकच्याही आहेत. दोन बॅकस्लॅश न पुढं मोकळी जागा, याचा अर्थ डोकूविकीत "नवी ओळ" न लॅटेकच्या मॅट्रिक्समधे "पुढची रांग". पान आधी सर्व्हरवर विकी वाचते, तिने ते दोन बॅकस्लॅश गिळले न आपली ओळ तोडली. मॅथजॅक्सपर्यंत नुसती मोकळी जागा पोचली, गणितात मोकळ्या जागेला भाव नाही, दोन न तीन शेजारी आले, झाले तेवीस. दुसरं डेरिव्हेटिव्ह तर आणखी वाईट, एफवर दोन टिंब्या दिल्या '' की डोकूविकी म्हणते टाइपरायटरचा फॉन्ट चालू करा, पुढं जीवर दोन टिंब्या आल्या की म्हणते बंद करा, मधलं सगळं टाइपरायटरात न टिंब्या गायब. वरून सूत्राच्या मधात फॉन्टचा टॅग घुसला की मॅथजॅक्स त्याला हातच लावत नाही, पोट्ट्यांना नुसते डॉलर न बॅकस्लॅश दिसतात.

प्लगइन विकीला सांगते की डॉलर ते डॉलर मधलं माझं, तू पाहू नको, जसंच्या तसं पुढं दे. डोकूविकीत अशा प्रत्येक नियमाला नंबर असते, एकाच जागी दोघांचा दावा लागला तर लहान नंबराचा मान पहिला. मॅथजॅक्स एकटा डॉलर आपणहून मानत नाही बरं का, दोन मानते, कारण डॉलरमधे भाव लिहिणाऱ्यांचा मजकूर उगाच गणित होऊन बसायचा. आमच्या नोट्समधे डॉलर यायचा कुठून, मी एकटा डॉलरही चालू करून टाकला.

मॅट्रिक्स सुधरलं. मग एक दिवस नेट गेलं न सगळी सूत्रं परत उघडी पडली, कारण विकी आमच्या मशीनवर पण मॅथजॅक्स दूरच्या सर्व्हरवरून यायचं. तो दूरचा सर्व्हरही कायमचा नसते, मॅथजॅक्सवाल्यांनी स्वतःचा ३० एप्रिल २०१७ला बंद केला होता. आख्खं मॅथजॅक्स उतरवून घेतलं, प्लगइनच्या सेटिंगमधे घरचा पत्ता दिला.

शेवटचा घोळ पोट्ट्यांनीच केला. कापसाचा हिशोब सूत्रात बसवताना एकाने डॉलरमधे सरळ "क्विंटल" लिहिलं. लॅटेकच्या गणितात प्रत्येक अक्षर म्हणजे वेगळी राशी, म्हणून क वेगळा, हलंत वेगळा, व वेगळा, न वेलांटी बिचारी तुटक्या गोलावर लटकलेली. बॅकस्लॅश टेक्स्ट लिहून महिरपी कंसात घातलं की आख्खा शब्द एक होतो. आम्ही उतरवलेल्या मॅथजॅक्सच्या फॉन्टात देवनागरी नाही, तो शब्द मोबाईलच्या फॉन्टात येते, सूत्राच्या नाजूक अक्षरांशेजारी जरा जाडा दिसते.