डिअर म्हणजे उंदीरसुद्धा

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकाच्या तिसऱ्या अंकातला चौथा प्रवेश. माळावर वादळ सुटलं आहे, म्हातारा राजा भ्रमिष्ट होत चालला आहे आणि एका खोपटातून अंगावर धड कापड नसलेला तरुण बाहेर येतो. हा ग्लॉस्टर नावाच्या सरदाराचा मुलगा एडगर. जीव वाचवण्यासाठी त्यानं वेड्या टॉमचं सोंग घेतलं आहे. सात वर्षं आपण काय खाऊन जगलो ते तो सांगतो : उंदीर, घुशी आणि ‘असले छोटे डिअर’.

पहिल्यांदा वाचताना मी इथे अडखळलो. डिअर म्हणजे हरिण, हे पाचवीपासून घोकलेलं. मग हरिण उंदरांच्या पंगतीत कसं बसलं? आणि ‘असले छोटे’ म्हणजे उंदराएवढं हरिण? शेक्सपिअरची चूक नाही, छापखान्याचीही नाही. एडगरच्या तोंडी डिअर म्हणजे नुसता ‘प्राणी’. उंदीर, घुशी आणि असलेच बारीकसारीक प्राणी, एवढंच तो म्हणतो आहे.

आधी एक घोळ मिटवू. पत्राच्या सुरुवातीला आपण लिहितो तो ‘डिअर’ वेगळा. दोघांचा उच्चार आज एक झाला असला तरी घराणी निराळी आहेत. आपल्याला हवा आहे तो रानातला डिअर.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, म्हणजे अँग्लो-सॅक्सन लोकांच्या जुन्या इंग्रजीत, या शब्दाचं रूप होतं ‘देओर’. अर्थ : रानातलं जनावर, बहुधा चार पायांचं. लांडगा देओर, अस्वल देओर, कोल्हा देओर. हरिणही देओरच, पण अनेकांतलं एक. खास हरणासाठी त्या लोकांकडे वेगळा शब्द होता, ‘हेओरोत’. तोच पुढे ‘हार्ट’ झाला आणि नर हरणासाठी आजही इंग्रजीत आहे. हेओरोतचं मूळ शिंगात आहे. हा प्राणी म्हणजे शिंगवाला. ज्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून तो आला, त्याच धातूपासून संस्कृतातलं ‘शृंग’ आणि त्यातून आपलं ‘शिंग’ आलं.

शब्दकोशात अर्थ वाचणं वेगळं आणि शब्द कामावर असताना पाहणं वेगळं. त्यासाठी आल्फ्रेड या अँग्लो-सॅक्सन राजाच्या दरबारात जाऊ. सुमारे ८९० सालची गोष्ट. ओहथेरे नावाचा नॉर्वेचा एक दर्यावर्दी व्यापारी राजाकडे आला आणि त्यानं आपल्या उत्तरेकडच्या मुलखाची हकीगत सांगितली. ती जुन्या इंग्रजीत लिहून ठेवली गेली आणि सुदैवानं टिकली. ओहथेरे सांगतो की माझ्याकडे गायीगुरं वीस, मेंढ्या वीस, डुकरं वीस. पण खरी दौलत वेगळीच. राजाला भेटायला निघालो तेव्हा माझ्याकडे न विकलेले, माणसाळवलेले सहाशे देओर होते. मग लिहिणारा लगेच खुलासा करतो : या देओरांना तिकडे ‘ह्रान’ म्हणतात. ह्रान म्हणजे रेनडिअर. वाचणाऱ्याला ‘सहाशे देओर’ एवढ्यानं जनावर कोणतं ते कळणार नव्हतं, म्हणून हा खुलासा. मराठीत ‘माझ्याकडे सहाशे जनावरं आहेत’ म्हटलं तर आपणही विचारू, ‘कसली?’

त्याच हकीगतीत पुढे उत्तरेच्या सामी लोकांकडून घेतल्या जाणाऱ्या खंडणीचं वर्णन आहे. खंडणी देओरांच्या कातड्यांत, पक्ष्यांच्या पिसांत आणि देवमाशाच्या हाडांत भरायची. सर्वांत मातब्बर माणसानं काय द्यायचं त्याची यादीच दिली आहे : मार्टेन नावाच्या मुंगसाएवढ्या केसाळ प्राण्याची पंधरा कातडी, रेनडिअरची पाच, अस्वलाचं एक, शिवाय पिसं, अस्वलाच्या किंवा ऊदमांजराच्या कातड्याचा एक अंगरखा आणि साठ साठ हात लांबीचे दोन जहाजी दोर. ‘देओरांची कातडी’ या एका शब्दात मार्टेन, रेनडिअर आणि अस्वल सगळे बसतात. मला या यादीचं अप्रूप वाटतं ते यासाठी की इथे कोणी शब्दाची व्याख्या करायला बसलेलं नाही. हिशेब सांगता सांगता अर्थ उघडा पडला आहे.

आता थोडं मागे. जर्मनमध्ये ‘टीअर’, डचमध्ये ‘दीर’, स्वीडिशमध्ये ‘यूर’ हे याच शब्दाचे सख्खे भाऊ, आणि तिन्हींचा अर्थ आजही ‘प्राणी’. जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरी मांजर असेल तर त्याला ‘टीअरआर्त्स्ट’ ठाऊक असतो, म्हणजे गुरांचा डॉक्टर. गॉथिक ही याच कुळातली, आता नामशेष झालेली भाषा. तिच्यातल्या चौथ्या शतकातल्या बायबलमध्ये हाच शब्द ‘दिउस’ असा येतो. शेवटी ‘र’ नाही, ‘स’ आहे. मूळ आवाज ‘स’चा. तो आधी ‘झ’ झाला आणि पुढे इंग्रजी-जर्मनच्या पूर्वज बोलींत ‘र’ झाला. हा बदल एकट्या डिअरपुरता नाही. इंग्रजीत एकवचनी ‘वॉज’ आणि अनेकवचनी ‘वेअर’ का, याचं उत्तर हेच. एकात जुना सकार टिकला, दुसऱ्याचा रकार झाला.

त्याहून मागे गेलं की भाषाशास्त्रज्ञ एका धातूपाशी पोचतात. त्याचा अर्थ श्वास घेणं. देओर म्हणजे श्वास घेणारा. लॅटिनमधला ‘अ‍ॅनिमल’ही ‘आनिमा’पासून, म्हणजे श्वास किंवा जीव यापासून बनला. आपला ‘प्राणी’ प्राणापासून. फारसीतून आलेला ‘जनावर’ म्हणजे जान असलेला. दगड आणि जनावर यांतला फरक सांगायची वेळ आली तेव्हा इतक्या ठिकाणच्या माणसांनी छातीच्या वरखाली होण्याकडेच बोट दाखवलं.

मग श्वास घेणाऱ्या सगळ्या जनावरांतून डिअर एकट्या हरणापाशी कसा येऊन थांबला?

इथे राजकारण येतं. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. विल्यमला शिकारीचं विलक्षण वेड. त्यानं मोठमोठे प्रदेश राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवले. दक्षिण इंग्लंडातलं ‘न्यू फॉरेस्ट’ १०७९ सालचं. त्या काळी ‘फॉरेस्ट’ म्हणजे झाडी असलीच पाहिजे असं नव्हतं. जिथे राजाचा शिकारीचा कायदा चालतो तो फॉरेस्ट, मग तिथे माळ असो की गावं. १०८७ मध्ये विल्यम वारला आणि अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात त्या वर्षाच्या नोंदीत कोणीतरी त्याच्यावर एक कविता लिहिली. जिंकलेल्या लोकांच्या भाषेत लिहिलेली कडवट कविता आहे ती. राजानं ‘देओर-फ्रिथ’ केलं, म्हणजे देओरांना अभय दिलं, असं कवी सांगतो. जो कोणी हेओरोत मारील किंवा त्याची मादी मारील त्याचे डोळे काढायचे असा कायदा केला. आणि पुढे म्हणतो, ‘मोठ्या देओरांवर त्याची इतकी माया, जणू तो त्यांचा बापच.’

ही कविता सावकाश वाचावी. अभय देओरांना, पण शिक्षा हरिण मारल्याबद्दल. बापाची माया ज्या मोठ्या देओरांवर, ते म्हणजे शिंगांची झाडं डोक्यावर मिरवणारी नर हरणं, ज्यांच्या जातीला इंग्रजीत रेड डिअर म्हणतात. काश्मीरचा हंगुल हा त्यांचाच जवळचा भाऊबंद. शब्द अजून ‘जनावर’ असाच आहे, पण राजाच्या रानात ‘जनावर’ म्हटलं की डोळ्यांपुढे कोणतं येणार हे ठरून गेलं आहे. अर्थ इथेच, आपल्यासमोर, कूस बदलतो आहे.

ज्या शेतकऱ्याच्या पिकात हरणं घुसत आणि त्याला हात उचलता येत नसे, त्याला या शब्दाचा नवा अर्थ कुणी शिकवावा लागला नसेल. हरणासाठी जीव किंवा अवयव घालवण्याची शिक्षा पुढे १२१७ च्या वनसनदेनं रद्द केली.

याच नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंच शब्दांचा पूर आला. त्यातला एक ‘बीस्ट’. तेराव्या शतकापासून ‘जनावर’ या अर्थानं तो इंग्रजीत मुरत गेला आणि देओरची जागा त्यानं हळूहळू बळकावली. नंतर लॅटिन वळणाचा ‘अ‍ॅनिमल’ आला, त्यानं बीस्टला हटवलं आणि बीस्टच्या वाट्याला क्रूर, अजस्र श्वापद एवढंच उरलं. ‘व्हेनिसन’चीही तीच गत. मूळ लॅटिन शब्द शिकारीचा, म्हणून व्हेनिसन म्हणजे शिकारीत मिळालेलं कुठलंही मांस. आज फक्त हरणाचं.

भाषाशास्त्रात याला अर्थसंकोच म्हणतात. जुन्या इंग्रजीत ‘हुंद’ म्हणजे कुठलाही कुत्रा. आज ‘हाउंड’ शिकारी कुत्रा. ‘स्टार्व्ह’ म्हणजे मरणं. आज उपासमारीनं मरणं. ‘मीट’ म्हणजे कुठलंही अन्न. आज मांस. एडगरची ती ओळही त्याची स्वतःची नव्हे. बेव्हिस नावाच्या वीरावरच्या जुन्या कथाकाव्यात तो सात वर्षं अंधारकोठडीत असतो आणि उंदीर, घुशी व ‘असले छोटे डिअर’ हेच त्याचं ‘मीट’, म्हणजे अन्न, असं म्हटलं आहे. शेक्सपिअरनं ते कडवं उचललं, ‘मीट’च्या जागी ‘फूड’ घातलं आणि ‘डिअर’ तसाच ठेवला. जुन्या अर्थाचा डिअर तोवर रोजच्या बोलण्यात जवळपास संपला होता. यमकाच्या आधारानं तो त्या ओळीत तगून राहिला.

इथवर आल्यावर मराठी वाचकाच्या मनात एक शब्द चुळबुळ करू लागला असेल : मृग.

आज मृग म्हणजे हरिण. पण सिंहाला मृगेंद्र म्हणतात, मृगराज म्हणतात. सिंह हरणांचा राजा कसा? माकडाला संस्कृतात शाखामृग म्हणतात. फांदीवरचं हरिण? ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विष्णूची तुलना ‘मृगो न भीमः’, भयंकर मृगासारखा, डोंगरात राहणारा, अशी केली आहे. हरणाला कोण भ्यायलंय? तिथला मृग म्हणजे रानातलं हिंस्र जनावर. त्याच ग्रंथात ‘मृग हस्तिन्’, म्हणजे हात असलेलं जनावर, असं म्हणून हत्ती उभा केला आहे. मृगया म्हणजे नुसती हरणाची नव्हे, कुठलीही शिकार. आणि तरी सीता ज्याला भुलली तो कांचनमृग हरिणच. दोन्ही अर्थ बराच काळ शेजारी नांदले आणि शेवटी हरणानं शब्द ताब्यात घेतला.

इंग्रजांचा देओर आणि आपला मृग यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. धातू वेगळे, काळ वेगळा, देश वेगळे. तरी दोघांनी हाच प्रवास केला. मला यात शिकाऱ्याची नजर दिसते. राजे दोन्हीकडे होते, शिकार हा राजांचा शौक दोन्हीकडे होता आणि पाठलाग करायला, मारून आणायला, मिरवायला सर्वांत हवंसं जनावर दोन्हीकडे हरिणच. ज्याच्या मागे सगळे धावतात त्यालाच ‘जनावर’ म्हणायची सवय लागते. गावाकडे ‘पाऊस झाला का’ याऐवजी ‘मृग लागला का’ विचारतात, तसंच. तो मृगही आकाशातलं हरिणच आहे आणि त्याच्या मागे व्याध लागलेला आहेच.

मृगाची इराणातली कथा याहून नवलाची. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेत याच शब्दाचं रूप ‘मेरेघ’ आणि अर्थ पक्षी. त्यातून फारसी ‘मुर्ग’. आधी कुठलाही पक्षी, मग खाण्यातला नेहमीचा पक्षी म्हणजे कोंबडी. इंग्रजीतल्या ‘फाउल’नंही हेच केलं. जुना ‘फुगोल’ म्हणजे पक्षी, आजचा फाउल म्हणजे बहुतेकदा कोंबडी. तेव्हा ‘मृगनयनी’ आणि हॉटेलच्या मेनूवरचं ‘मुर्ग मखनी’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. आणि हरणासारखं काहीही नसलेल्या त्या उंच पक्ष्याला मराठीत ‘शहामृग’ का म्हणतात, असा प्रश्न लहानपणी मला पडायचा. त्यातला मृग हा फारसी मुर्ग आहे. ऐकणाऱ्या मराठी कानानं त्याला ओळखीचं रूप दिलं.

शाळेत डिअरनं आणखी एका गोष्टीनं छळलेलं असतं : अनेकवचन. वन डिअर, टू डिअर. शिक्षक म्हणतात अपवाद आहे, पाठ करा. पण हा अपवाद नाही, जुन्या नियमाचा उरलेला तुकडा आहे. जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी नामांचा एक गट होता. त्यांतल्या, पहिलं अक्षर गुरू असलेल्या नामांना अनेकवचनात प्रत्ययच लागत नसे. देओर त्यातला. शीप, म्हणजे मेंढी, त्यातलीच. मराठीत ‘एक दगड, दोन दगड’ म्हणताना आपण अडतो का? त्या लोकांना ‘देओर’ तसाच सहज होता. नंतर बाकीच्या बहुतेक शब्दांना ‘स’ चिकटला, हा सुटला.

आणि जर्मन ‘टीअर’ सरसकट ‘प्राणी’ आहे असं मी वर म्हटलं, त्याला एक पोटनियम आहे. जर्मन शिकाऱ्यांच्या बोलीत ‘टीअर’ म्हणजे रेड डिअरची मादी. डेन्मार्कमध्येही ‘दूर’ म्हणजे प्राणी, पण कोपनहेगनजवळच्या ‘दूरहेवन’ या जुन्या राजेशाही शिकारउद्यानात आजही चरताना दिसतात ती हरणं. इंग्लंडात जे सगळ्या देशाच्या भाषेत घडून गेलं, ते या दोन देशांत शिकाऱ्यांच्या कुंपणाआड थांबलं आहे.

खुद्द इंग्रजीत मात्र जुना देओर एका शब्दात अजून दडून आहे. ‘विल्डरनेस’ या शब्दाचे तुकडे पाडले तर पुढे ‘वाइल्ड’, शेवटी ‘नेस’ आणि मध्ये झिजून बारीक झालेला ‘देओर’. रानटी जनावरं जिथे असतात ती जागा. त्या ‘डर’मध्ये इंग्लंडातून केव्हाच नाहीसे झालेले लांडगे आहेत, अस्वलं आहेत, आणि त्यांच्या पायांत घोटाळणारे एडगरचे उंदीरही.